सेवा आणि वेठ : गावच्या अबोल स्वयंसेवकांविषयी एक अभ्यास

प्रत्येक गावात काही माणसे अशी असतात, की त्यांचे नाव गावच्या कोणत्याही दप्तरात सापडत नाही. पण त्यांच्यावाचून गावाचे पान हलत नाही. मध्यरात्री एखाद्या घरी बाळंतवेणा सुरू झाल्या, तर जीपवाल्याला उठवायला कोणीतरी धावतो. मयत झाली, तर तिरडीची तयारी आणि पाहुण्यांना निरोप ही कामे कोणीतरी न सांगता अंगावर घेतो. विहार रोज झाडून पुसून सायंकाळच्या वंदनेसाठी सतरंजी अंथरणारी एखादी आजी असते. शिष्यवृत्तीचा फॉर्म कसा भरायचा, हे वस्तीतल्या पोरांना समजावून सांगणारा एखादा कॉलेजचा विद्यार्थी असतो.

मी बँकेत कारकून आहे. निराधार योजनेचे पैसे जमा झाले, की एखादा तरुण चार-पाच वृद्ध बायांना घेऊन काउंटरवर येतो. त्यांच्या स्लिपा भरतो, कुठे अंगठा द्यायचा ते दाखवतो, मिळालेले पैसे त्यांच्यासमोर मोजून त्यांच्या हातात देतो. त्या खात्यांच्या उताऱ्यात रक्कम दिसते, तारीख दिसते. पण त्या तरुणाची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, हे कोणत्याच रकान्यात येत नाही.

अशा माणसांचे केवळ गुणगान करावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. गुणगान जयंतीच्या व्यासपीठावरून होतेच. येथे विचार करायचा आहे तो एका प्रश्नाचा. विनामूल्य काम केव्हा सेवा ठरते आणि केव्हा वेठ ठरते? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्या समाजाला इतर कोणाहीपेक्षा जास्त आहे. कारण आपल्या वाडवडिलांनी गावाचे फुकटचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे.

मघाची गोष्ट

बौद्ध साहित्यात गावातील स्वयंसेवकांची एक फार जुनी कथा आहे. जातक ग्रंथातील कुलावक जातकात ती येते. मगध देशातील मचल नावाच्या गावात तीस कुळे राहत होती. एके दिवशी गावच्या कामासाठी माणसे गावाच्या मध्यभागी जमली. मघ नावाच्या तरुणाने आपण उभे राहिलो तेथली धूळ पायाने बाजूला सारून जागा नीट केली. दुसरा एक जण आला आणि त्या जागेवर उभा राहिला. मघ रागावला नाही. त्याने दुसरी जागा साफ केली. तीही कोणी घेतली. असे होता होता सर्वांनाच उभे राहता येईल, अशी जागा तयार झाली. पुढे त्या ठिकाणी मांडव झाला, नंतर बसायला फळ्या आणि प्यायला पाण्याचा रांजण असलेली शाळा, म्हणजे सभागृह, झाले.

मघाचे पाहून गावातील इतर पुरुष त्याला मिळाले. पहाटे उठून, कुऱ्हाडी आणि पहारी घेऊन ते बाहेर पडत. रस्त्यातले धोंडे बाजूला करीत, गाड्यांच्या आसाला अडणारी झाडे तोडीत, खाचखळगे सपाट करीत, बांध घालीत, तळी खणीत. त्यांनी पंचशील स्वीकारले आणि गावातील दारू व मारामाऱ्या बंद झाल्या.

यानंतर जे घडले ते अभ्यासकाने बारकाईने पाहावे. गावचा मुखिया खूश झाला नाही. पूर्वी लोक दारू पीत, भांडत, तेव्हा दारूच्या विक्रीतून आणि दंडातून त्याला प्राप्ती होत असे. ती बुडाली. त्याने राजाकडे जाऊन ही माणसे दरोडेखोर आहेत, अशी खोटी फिर्याद केली. राजाने चौकशी न करता त्यांना हत्तीच्या पायी देण्याची आज्ञा केली. हत्ती पुढे सरकेनात. मग राजाने विचारपूस केली, सत्य कळले आणि गावकरी सुटले. हत्तींचा चमत्कार आपण बाजूला ठेवू. कथेतील सामाजिक सत्य तेवढ्याने कमी होत नाही. गावात कोणी निःस्वार्थपणे काम करू लागला, की कोणाचे तरी उत्पन्न बुडते, आणि तो माणूस गप्प बसत नाही. दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या आपल्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको.

कथेचा आणखी एक भाग सहसा सांगितला जात नाही. सुटका झाल्यावर या मंडळींनी चौरस्त्यावर मोठी शाळा बांधायला घेतली. पण त्या पुण्यकर्मात स्त्रियांना वाटा द्यायचा नाही, असे ठरविले. मघाच्या घरात सुधम्मा नावाची स्त्री होती. तिने सुताराशी बोलून इमारतीचा कळस आधीच तयार करवून घेतला. काम शेवटाला आले, तेव्हा सुतार म्हणाला, कळस राहिला, आणि तो वाळलेल्या लाकडाचाच हवा. शोध घेता तो सुधम्मेजवळ निघाला. तिने पैसे घेऊन तो विकायला नकार दिला. या कामात मला वाटा देत असाल तरच कळस देईन, असे ती म्हणाली. अखेर पुरुषांना ते मान्य करावे लागले.

सुधम्मेला मोबदला नको होता. तिला वाटा हवा होता. सेवा करणारा पैशाची अपेक्षा ठेवीत नसेल, म्हणून त्याला कशाचीच अपेक्षा नसते, असे समजणे चूक आहे. आपण जे उभे केले त्यात आपला वाटा मान्य व्हावा, ही अपेक्षा न्याय्यच आहे.

बाहेरून सारखे, आतून वेगळे

आता आपल्या इतिहासाकडे वळू. महारकीच्या वतनाची कामे आठवून पाहा. वेशीची राखण करणे, सरकारी निरोप पोचविणे, अंमलदार आला की त्याच्या दिमतीला धावणे, साऱ्याची रक्कम तालुक्याला नेणे, मयताची खबर परगावी सांगणे, मेलेली गुरे ओढणे. यातील काही कामे आजचा स्वयंसेवक जे करतो त्यासारखीच दिसतात. मयताची खबर घेऊन येसकर रात्री-बेरात्री पायी जात होता. आज वस्तीतला तरुण मोटारसायकलवर जातो. निरोप तोच, वाटही कदाचित तीच. मग फरक कोणता?

फरक असा, की येसकराला नाही म्हणता येत नव्हते. त्याच्या कामाला तास नव्हते आणि मर्यादा नव्हती. वतनदार घरी नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला जावे लागे. बदल्यात तुकडाभर इनाम जमीन आणि दारोदार मागायचे बलुते. काम जन्माने ठरलेले होते, आणि ते केल्याने मान वाढण्याऐवजी हीनपणाचा शिक्काच पक्का होत होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे वर्म अचूक ओळखले होते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. बलुत्याचे रूपांतर निश्चित रोख मोबदल्यात व्हावे आणि ज्याला वतनातून मोकळे व्हायचे असेल त्याला होता यावे, असा त्याचा आशय होता. कायदेमंडळात त्याला विरोध झाला आणि १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. पुढे मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. दरम्यान १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत आपल्या लोकांनी गावकीची अपमानास्पद कामे स्वतःहून सोडली आणि त्याबद्दल बहिष्कारही सोसला.

याच वेठ करणाऱ्या माणसांनी स्वेच्छेने काम केले तेव्हा काय घडले, याचे उदाहरण महाडचे आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तिच्या तयारीसाठी खेडोपाडी प्रचार केला. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, अशी नोंद बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. चवदार तळ्याचे पाणी प्यायला निघालेल्या त्या हजारो लोकांत बाबासाहेबांचे नाव इतिहासाला माहीत आहे. निरोप पोचविणाऱ्या, मंडप घालणाऱ्या, पाणी वाढणाऱ्या हातांची नावे आपल्याला माहीत नाहीत. निरोप पोचविण्याचे काम त्यांना नवे नव्हते. आपल्या इच्छेने, आपल्या माणसांसाठी निरोप पोचविणे मात्र नवे होते.

सबब, विनामूल्य काम म्हणजे आपोआप सेवा, हे समीकरण आपण स्वीकारू शकत नाही.

जामखेडच्या भगिनी

स्वेच्छेचे काम माणसाला कसे उभे करते, याचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडचे आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठविण्याचा प्रयत्न झाला. बाहेरून आलेल्या परिचारिकेला गावात राहणे अवघड आणि गावाला तिच्यावर विश्वास ठेवणे अवघड, असा अनुभव आला. तेव्हा गावातीलच एक स्त्री गावाने निवडून द्यावी आणि तिला शिकवावे, अशी पद्धत निघाली.

निवडलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळशा निरक्षर होत्या. अनेक जणी दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, तेथे मुक्काम करीत, एकत्र जेवत, एकत्र झोपत, आणि शिकलेले परत जाऊन गावात सांगत. गरोदर स्त्रीने काय खावे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, बाळंतपणात कोणते लक्षण दिसले की दवाखाना गाठावा, लस का घ्यावी, अशा साध्या पण जीव वाचविणाऱ्या गोष्टी त्या शिकवीत. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रियांनी एका जागी जेवणे, हेही त्या काळी एक शिक्षणच होते. ज्या बाईची सावली टाळली जात होती, तिच्या हातात बाळंतीण आणि नवजात मूल देण्याची वेळ गावावर आली, आणि गावाने ते दिले.

या भागात १९७१ च्या सुमारास दर हजार जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हे प्रमाण सुमारे ५२ वर आले. हे श्रेय एकट्या डॉक्टरांचे नाही, असे स्वतः आरोळे दांपत्यच सांगत असे. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडच्या कामातील आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी विंधनविहिरी घेताना शक्य तेथे जागा दलित वस्तीत निवडण्याचे धोरण ठेवले गेले. पाणी हवे असेल तर सर्व गावाने त्या वस्तीत यायचे. शिवाशिवीवर भाषण न देता, हातपंप कुठे बसवायचा एवढ्या निर्णयाने पुष्कळ काम झाले.

वहीतील नोंद

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा एक अभ्यास झाला. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातील स्त्रियांना यासाठी तयार करण्यात आले. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळ जन्मले की आरोग्यदूत घरी हजर. बाळाचे वजन करायचे, श्वास मोजायचा, ताप पाहायचा, बाळाला उबदार ठेवायला शिकवायचे, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध द्यायचे.

या गावांत सुरुवातीला दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ बालके पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण सुमारे २५ वर आले, तर तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत ते जवळजवळ होते तेथेच राहिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम देशभरातील आशा सेविकांच्या कामात समाविष्ट झाले.

जगाने हे कशामुळे मानले? आरोग्यदूताच्या वहीमुळे. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, प्रत्येक वजन लिहिले गेले होते. ती वही नसती, तर तेवढीच मुले वाचली असती. पण ती कशी वाचली हे कोणालाच सिद्ध करता आले नसते, आणि म्हणून दुसऱ्या गावची मुले वाचली नसती. चांगल्या कामाची नोंद ठेवणे म्हणजे बढाई, असा आपल्याकडे एक समज आहे. नोंद ही पुढच्या माणसासाठी ठेवलेली वाट असते. जामखेड आणि गडचिरोली यांची नोंद झाली म्हणून आज हा लेख लिहिता येतो. आपल्या वस्त्यांतून चाललेल्या शेकडो रात्रवर्गांची, वाचनालयांची, भजनी मंडळांची, धान्यबँकांची नोंद झाली नाही, म्हणून ती चालवणाऱ्यांबरोबरच संपली.

‘स्वयंसेविका’ या शब्दाचा दुसरा अर्थ

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारणपणे हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमण्यात आली. आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही; केलेल्या कामानुसार मोबदला आणि मानधन आहे. प्रत्यक्षात तिची कामे वाढत गेली. लसीकरण, गरोदर मातांची नोंद, क्षयरोग्यांचा पाठपुरावा, निरनिराळी सर्वेक्षणे. २०२० च्या करोना साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत ती घरोघर फिरली, तेव्हा पुष्कळ लोक दार उघडायलाही तयार नव्हते.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. त्याच्या वर्षभर आधी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला होता, आणि २०२३ मध्ये पुन्हा करावा लागला. गौरव आणि संप शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ज्या कामाला रोजचे तास आहेत, वरिष्ठांचे आदेश आहेत, न केल्यास जाब विचारला जातो, त्या कामाला स्वयंसेवा म्हणणे कितपत योग्य? नाव सेवेचे द्यायचे आणि शिस्त नोकरीची लावायची, ही नव्या काळातील वेठच होय. जुन्या वेठीला धर्माचा आधार दिला गेला होता, नव्या वेठीला कौतुकाचा आधार दिला जातो. आपल्या विद्यार्थ्यांनी हा फरक ओळखायला शिकले पाहिजे. कारण उद्या यांतील अनेक जण अशाच ‘मानधनी’ कामांवर रुजू होणार आहेत.

श्रमदान कोणाचे, पाणी कोणाचे?

श्रमदान हा आपल्या गावांचा आवडता शब्द आहे. बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण, तलावातील गाळ काढणे यांसाठी गाव एक होते, हे दृश्य आनंद देणारे असते. पण श्रमदानात घमेले उचलणाऱ्या माणसाला शेत आहे का, हा प्रश्न विचारला पाहिजे. बंधारा अडला, पाणी मुरले, विहिरींना पाझर फुटला. विहीर ज्याची, पाणी त्याचे. भूमिहीन मजुराने तितकीच घमेली उचलली. त्याच्या वाट्याला फार तर पुढच्या हंगामातील थोडी अधिक मजुरी आली.

यावर उत्तर नाही असे नाही. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगाव येथे काम सुरू केले. ते पाणी पंचायत या नावाने ओळखले जाते. तेथील नियम साधे होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, म्हणजे माणशी अर्ध्या एकरापुरता आणि कुटुंबाला अडीच एकरांपर्यंतच. भूमिहीनालाही पाण्यात हक्क. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा काही भाग सभासदांनी स्वतः उचलायचा. श्रम सर्वांचे असतील, तर फळही सर्वांचे असले पाहिजे, हे तत्त्व तेथे नियमात उतरविले गेले. सुधम्मेने कळसासाठी जे मागितले, तेच येथे पाण्यासाठी मागितले गेले.

चार कसोट्या

वरील उदाहरणांवरून सेवा आणि वेठ ओळखण्यासाठी चार कसोट्या मांडता येतात.

पहिली कसोटी नकाराची. काम करणाऱ्याला आज जमणार नाही, असे निर्भयपणे म्हणता येते का? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ नसतो.

दुसरी कसोटी पाळीची. काम सर्वांमध्ये फिरते का, की तेच ते हात झाडू धरतात आणि तेच ते हात माईक धरतात? जयंतीच्या दिवशी स्वयंपाक कोण करते, सतरंज्या कोण उचलते आणि व्यासपीठावर कोण बसते, हे आपल्याच संस्थेत एकदा मोजून पाहावे. विशेषतः आपल्या माता-भगिनींच्या वाट्याला कोणती कामे येतात, हे पाहावे.

तिसरी कसोटी वाट्याची. कामातून जे निर्माण होते, मग ते पाणी असो, इमारत असो, मान असो वा निर्णयाचा अधिकार असो, त्यात काम करणाऱ्याला वाटा मिळतो का?

चौथी कसोटी नोंदीची. कोणी, केव्हा, काय केले, हे कुठे लिहिलेले आहे का? बँकेच्या हिशेबात प्रत्येक नावे रकमेला कुठेतरी जमा असावी लागते. नाही तर दिवसाचा ताळेबंद जुळत नाही. गावाच्या हिशेबात कित्येक वर्षे काही माणसांकडून श्रम घेतले गेले आणि त्यांच्या खात्यावर काहीच जमा झाले नाही. तो ताळेबंद अजून जुळायचा आहे.

या चारही कसोट्यांना उतरते ते काम मन प्रसन्न करते, माणसाला ताठ उभे करते आणि गावाला जोडते. धम्मात दानाला पहिल्या पारमितेचे स्थान आहे. श्रमाचे दानही दानच होय. पण दान हे देणाऱ्याच्या इच्छेने होते. जे काढून घेतले जाते त्याला दान म्हणत नाहीत.

आपण काय करू शकतो

संस्थेच्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे काही साध्या सूचना ठेवाव्याशा वाटतात. त्यांना पैसा लागत नाही.

प्रत्येक विहारात एक सेवा-नोंदवही ठेवावी. दोनशे पानी साधी वही पुरेशी आहे. तारीख, काम, करणाऱ्याचे नाव आणि लागलेला वेळ, एवढे चार रकाने आखावेत. वही एका विद्यार्थ्याकडे सोपवावी व दर सहा महिन्यांनी ती दुसऱ्याकडे द्यावी. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या कामाची नोंद विचारून करावी. वर्षअखेरीस संस्थेच्या अहवालात जमाखर्चाच्या शेजारी या वहीचा गोषवारा छापावा. देणगीदारांची यादी आपण दरवर्षी छापतो. पाचशे एक रुपये देणाऱ्याचे नाव येते. वर्षभर रोज विहार झाडणाऱ्या आजीचेही यावे.

झाडलोट, स्वयंपाक व सतरंज्या यांच्या पाळ्या लावाव्यात आणि त्यांत पदाधिकाऱ्यांची नावे प्रथम असावीत. अध्यक्षांनी एकदा ताटे धुतली, तर पुढची दहा वर्षे त्या कामाला कोणी हलके म्हणणार नाही.

सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी वस्तीतील दोन ज्येष्ठ माणसांना भेटून, त्यांनी गावासाठी काय केले हे विचारून दोन-तीन पाने लिहून आणावीत. रात्रवर्ग कोणी चालविला, पहिले वाचनालय कोणाच्या पडवीत होते, विहारासाठी जागा कोणी दिली, विटा कोणी वाहिल्या. ही माणसे आता थकली आहेत. ती गेल्यावर विचारायला कोणी उरणार नाही. छापायचे असेल, तर मात्र त्यांची संमती घ्यावी. ज्याला नाव नको असेल, त्याची इच्छा राखावी. अबोल राहणे हाही त्या माणसाचा हक्क आहे. आपण त्याला अबोल ठेवणे हा मात्र आपला हक्क नाही.

शेवटची सूचना नोकरदार बंधू-भगिनींना. शहरात राहून गावाच्या विहारासाठी वर्गणी पाठविणे चांगलेच आहे. त्याबरोबर वर्षातून दोन दिवस आपले नोकरीतील कसब गावाला द्यावे. शिक्षकाने शिकवावे, परिचारिकेने तपासावे, बँकेतल्या माणसाने पासबुक आणि विम्याचे कागद समजावून सांगावेत. ज्या गावात आपल्या वाडवडिलांना हुकूम म्हणून बोलावले जात होते, त्या गावात आपण आपल्या इच्छेने कामाला जावे. वतन कायद्याने संपले. वेठीची आठवण अशा कामाने पुसली जाईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मघाच्या कथेत मुखियाचे कोणते उत्पन्न बुडाले? आपल्या गावात चांगल्या कामाला विरोध झाल्याचे उदाहरण शोधा आणि विरोधाचे कारण लिहा.

२. सुधम्मेने कळसाचे पैसे का नाकारले असावेत? आपले मत दहा ओळींत मांडा.

३. येसकराचे काम आणि आजच्या स्वयंसेवकाचे काम यांतील साम्य व भेद सांगा.

४. आशा सेविकेच्या कामाला चारही कसोट्या लावून पाहा. ती कोणत्या कसोटीला उतरते व कोणत्या कसोटीला उतरत नाही?

५. आपल्या विहारात मागील महिन्यात कोणी कोणते काम केले, याची यादी करा. ती करताना कोणाचे नाव सर्वांत शेवटी आठवले, ते नाव वहीत सर्वांत आधी लिहा.